नऊ व्होल्टमधले तीन गेले कुठे?

वाचकाचं पत्र

मॅडम,
मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. किरचॉफ, थेवेनिन, मेश, नोडल, सगळी गणितं सुटतात, मार्कही चांगले पडतात. पण प्रॅक्टिकलला टेबलापाशी उभी राहिले की हात थिजतात. आमचा चौघांचा ग्रुप आहे. त्यातला एक मुलगा लहानपणापासून रेडिओ-बिडिओ खोलणारा, त्यामुळे जोडणी तोच करतो. अक्षर चांगलं म्हणून रीडिंग लिहायचं काम पहिल्या दिवशी माझ्याकडे आलं, ते अजून माझ्याकडेच आहे.

मागच्या आठवड्यात व्होल्टेज डिव्हायडर होता, म्हणजे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडून बॅटरीचं व्होल्टेज त्यांच्यात वाटायचं. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर घ्यायचे होते, पण ते संपले होते. ड्रॉवरमध्ये १० मेगाओहमचे मिळाले. सूत्रात फक्त गुणोत्तर येतं, म्हणून मीच म्हटलं, हे चालतील. बॅटरी ९.३ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे प्रत्येकावर ४.६५ यायला हवे होते. वरच्यावर आले ३.०८, खालच्यावर ३.१३. बेरीज ६.२१! तीनदा बघितलं, तेच. बाकीचे म्हणाले, मीटर खराब आहे, ४.६५ लिहून टाक. मी लिहिलं. जर्नलवर सहीसुद्धा झाली.

घरी एकटीने करून बघावं म्हणून ब्रेडबोर्ड आणला, भोकांत पाय खोचून सर्किट जोडायचा तो बोर्ड. ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रेझिस्टर, एक लाल एलईडी, एवढंच सर्किट. लागलाच नाही. तीन वेळा सगळं उपसून पुन्हा जोडलं, शेवटी डब्यात भरून ठेवलं. जिला एक एलईडी लावता येत नाही तिने इलेक्ट्रिकल इंजिनिअर व्हायची स्वप्नं बघावीत का? मी चुकीच्या शाखेत आले का?
– रीडिंग लिहिणारी

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं आणि आधी कागद ओढून तुझं सर्किट काढलं. शाखेचं नंतर बोलू. आधी तुझे तीन व्होल्ट शोधू, कारण मीटर खराब नव्हता आणि तुझ्या हातूनही काही चुकलं नव्हतं. तू लिहिलेले ३.०८ आणि ३.१३ हे दोन्ही आकडे खरे आहेत. खोटा आकडा एकच आहे, जर्नलच्या पानावरचा ४.६५.

व्होल्टमीटर लावतो तेव्हा आपण नुसतं बघत नसतो, सर्किटमध्ये आणखी एक रेझिस्टर जोडत असतो. बहुतेक डिजिटल मल्टिमीटरचा डीसी व्होल्टच्या रेंजवरचा स्वतःचा रोध १० मेगाओहमच्या आसपास असतो. तुझे रेझिस्टरही नेमके तेवढेच. तू प्रोब खालच्या रेझिस्टरवर टेकवलेस, की त्याला समांतर दुसरे १० मेगाओहम आले आणि तिथे उरले ५. वर १०, खाली ५. मग ९.३ व्होल्टची वाटणी निम्मी-निम्मी कशी होईल? खालच्याच्या वाट्याला एक तृतीयांश येणार, म्हणजे ३.१. त्या क्षणी उरलेले ६.२ वरच्या रेझिस्टरवर बसलेले होते, पण तिकडे बघायला तुझ्याकडे दुसरा मीटर नव्हता. मग तू प्रोब उचलून वर नेलेस. आता वर ५ झाले, खाली १०, आणि पारडं उलटलं. (३.०८ आणि ३.१३ हा बारीक फरक रेझिस्टरच्या टॉलरन्सचा. सोनेरी पट्टा म्हणजे छापील किमतीच्या पाच टक्के इकडेतिकडे.)

म्हणजे तू दोन रीडिंग घेतलीस ती दोन वेगवेगळ्या सर्किटची होती आणि बेरीज केलीस ती एकच सर्किट समजून. वाटण्यांची बेरीज बॅटरीएवढी यायला हवी हा किरचॉफचा नियम कुठेही मोडला नाही. मीटर काढून घेतलास की तिथे ४.६५च्या आसपासच व्होल्टेज असतं, फक्त तुझ्या मीटरला ते दिसू शकत नाही. जुना काट्याचा मीटर असता, २० हजार ओहम प्रति व्होल्टवाला, तर १० व्होल्टच्या रेंजवर पाव व्होल्टसुद्धा दिसला नसता. आणि ठरल्याप्रमाणे १० किलोओहमचे रेझिस्टर मिळाले असते, तर १० मेगाओहमचा मीटर त्यांच्यासमोर कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. नीटनेटके ४.६५ आले असते, सही झाली असती आणि त्या दुपारी तू काहीच नवं शिकली नसतीस. सूत्रात फक्त गुणोत्तर येतं हे तुझं म्हणणं कागदावर बरोबर होतं. टेबलावर ते कुठे तुटतं, ते त्या ड्रॉवरमधल्या रेझिस्टरांनी तुला दाखवलं.

म्हणून तू ४.६५ लिहिलंस याचं मला वाईट वाटलं. तुझ्यावर रागावलेली नाही मी. ‘रीडिंग अ‍ॅडजस्ट करणं’ हा प्रकार मी विद्यार्थी म्हणून पाहिला आणि शिकवायला लागल्यावरही. आधी ग्राफची सरळ रेघ काढायची, मग त्या रेघेवरचे बिंदू वाचून तक्ता भरायचा. मुलं हे आळसाने करत नाहीत. बरोबर उत्तराला मार्क आहेत आणि वेगळ्या उत्तराला प्रश्न आहेत, हे त्यांना ठाऊक असतं. पण त्यात गमावतो आपण तेच, ज्यासाठी प्रॅक्टिकल ठेवलेलं आहे. गणित बरोबर, मीटर बरोबर, तरी दोघांचं जुळत नाही, अशा वेळी मधे काय आहे ते हुडकणं, हे इलेक्ट्रिकलचं काम. जोडणी करता येणं ही त्यातली सोपी बाजू, ती महिन्याभरात येते.

तेव्हा आधी एक छोटा प्रयोग कर. बॅटरीचं व्होल्टेज नेहमीसारखं मोज. मग बॅटरीच्या धन टोकाला एक १० मेगाओहमचा रेझिस्टर लाव, लाल प्रोब त्याच्या दुसऱ्या टोकाला आणि काळा प्रोब बॅटरीच्या ऋण टोकाला. दुसरं काहीही नाही. रेझिस्टरचे दोन्ही पाय एकदम बोटांत धरू नकोस, कारण तुझ्या कातडीचा रोध १० मेगाओहमपेक्षा बराच कमी असतो आणि मग तूही त्या सर्किटचा भाग होशील. मीटर लावायच्या आधी कागदावर लिही, काय दिसेल. मीटरचा रोध १० मेगाओहम असेल तर निम्मं दिसेल. काही साध्या मीटरचा १ मेगाओहमच असतो, मग ९.३चे जेमतेम ०.८५ दिसतील. जे दिसेल त्यावरून तुझ्या मीटरच्या पोटातला रोध तूच काढशील. ज्या उपकरणाने आजवर दुसऱ्यांना मोजलंस, त्यालाच मोजायचं.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते ‘आधी लिही’. अंदाज न लिहिता मीटर लावला की जो आकडा येईल तो बरोबरच वाटतो, मन लगेच त्याच्याशी जुळवून घेतं. अंदाज लिहिलेला असला की चूक लपत नाही. तुझी गणितं चांगली आहेत म्हणतेस, मग इथे तू ग्रुपमध्ये सगळ्यांच्या पुढे आहेस. रेडिओ खोलणाऱ्या मुलाचा हात बसलेला आहे, पण किती यायला हवं हे तो आधी सांगतो का? विचारून बघ. तो ते तुझ्याकडून शिकेल, तू त्याच्याकडून तारा सोलायला शीक.

तुला ओहमचा नियम पाठ आहे, पण त्या माणसाचं टेबल कसं होतं ते पुस्तकात सहसा नसतं. गेओर्ग ओहम कोलोनच्या एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे. वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून विद्युतप्रवाह कसा बदलतो हे त्यांना मोजायचं होतं, आणि १८२५मध्ये त्यांचंही गाडं अडलं होतं. त्या काळच्या व्होल्टाच्या बॅटऱ्यांचा जोर प्रयोग चालू असतानाच उतरायचा. तारेमुळे प्रवाह कमी झाला की बॅटरी दमली म्हणून, हे कळायचं कसं? पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञांनी सुचवलं की बॅटरी सोडा आणि थर्मोकपल वापरा, म्हणजे दोन धातूंची अशी जोडी, जिचे सांधे वेगवेगळ्या तपमानाला ठेवले की वीज मिळते. मग ओहमनी बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तपमान स्थिर, म्हणून जोर स्थिर. चुंबकसूची तारेजवळ टांगून तिला किती पीळ द्यावा लागतो त्यावरून प्रवाह मोजला. १८२६मध्ये आकडे जुळले, १८२७मध्ये पुस्तक आलं.

त्या आकड्यांतून त्यांनी जे सूत्र काढलं त्यात भागाकाराखाली दोन पदं होती. एक तारेची लांबी, आणि तिच्यात मिळवलेला एक स्थिरांक, म्हणजे तार सोडून उरलेल्या सगळ्या सर्किटचा रोध. आपण शाळेत शिकतो तेव्हा हा स्थिरांक गळून पडतो आणि बॅटरी आदर्श होते. तुझ्या बॅटरीतही तो आहे, आणि तो मोजायला पाच मिनिटं पुरतात. ४७० ओहमचे चार रेझिस्टर समांतर जोड, साधारण ११७ ओहम होतील. मोकळ्या बॅटरीचं व्होल्टेज बघ, मग हा भार दोन-तीन सेकंद लावून पुन्हा बघ. समज ९.३चे ९.१ झाले. प्रवाह ९.१ भागिले ११७, म्हणजे ७८ मिलिअँपिअरच्या जवळपास. ०.२ व्होल्ट कुठेतरी आत पडले, म्हणजे आतला रोध अडीच ओहमच्या आसपास. वापरून दमलेल्या बॅटरीवर हेच कर आणि फरक बघ. चार रेझिस्टर का, एकच १०० ओहमचा का नको? कारण ९ व्होल्टला १०० ओहममध्ये ०.८१ वॉट उष्णता होते, आणि तुझा रेझिस्टर असतो पाव वॉटचा. तो बोट भाजवेल आणि काळाही पडेल. चौघांत वाटली तर प्रत्येकाला ०.१८ वॉट येतात. हाताला कोमट लागतात, तेवढंच. वॉट म्हणजे काय ते बोटाला एकदा कळलं की विसरत नाही.

संगणकावर सर्किट चालवून दाखवणाऱ्या सिम्युलेटरबद्दल तू विचारलेलं नाहीस, पण कुणीतरी सांगेलच. अंदाज तपासायला तो चांगला आहे, जरूर वापर. पण त्यातला व्होल्टमीटर सहसा आदर्श असतो, सर्किटवर काहीच परिणाम न करणारा. तुझं सर्किट तशा सिम्युलेटरमध्ये काढलं असतंस तर दोन्हीकडे ४.६५ दिसलं असतं आणि ३.०८ तुला आयुष्यात भेटलं नसतं.

आता तो एलईडी. तू तीनदा सगळं उपसून पुन्हा जोडलंस, हीच खरी चूक. बंद पडलेलं सर्किट उपसायचं नाही. ते तुझ्याशी बोलायला तयार असतं आणि तू त्याचं तोंड बंद करतेस. डबा काढ आणि जसं शेवटचं जोडलं होतंस तसंच जोड, जमलं तर त्याच चुकीसकट.

मीटर डीसी व्होल्टवर ठेव. काळा प्रोब बॅटरीच्या ऋण टोकाला टेकव आणि तिथून हलवू नकोस. लाल प्रोब घेऊन धन टोकापासून एकेक पाऊल पुढे जा. बॅटरीवर ९.३. पुढे ब्रेडबोर्डच्या कडेची लांब पट्टी, तिथे ९.३ आहेत? काही बोर्डांवर ही पट्टी मधोमध तुटलेली असते, वरून रंगीत रेघ सलग दिसली तरीही. एका अर्ध्यात ९.३ आणि दुसऱ्यात शून्य दिसलं तर चोर तिथेच आहे, एक छोटी तार टाकून दोन्ही अर्धे जोड. पुढे रेझिस्टरचा पहिला पाय, ९.३. मग रेझिस्टरचा दुसरा पाय, जिथे एलईडीही जोडलेला आहे. इथे जीव लावून बघ, कारण हा एक आकडा खूप काही सांगतो. सगळं ठीक असेल तर इथे २च्या थोडं खाली, १.९च्या आसपास दिसतं आणि एलईडी लागलेला असतो.

इथेही ९.३च दिसले, तर रेझिस्टरवर काहीच पडलेलं नाही, म्हणजे प्रवाहच वाहत नाही. मग एलईडीच्या पलीकडच्या पायावर प्रोब टेकव. तिथे शून्य असेल तर एलईडी उलटा लावलाय किंवा मेलाय. लांब पाय धनाकडे हवा. शून्य नसेल तर ऋण टोकाकडे जाणारी तार कुठेतरी सुटली आहे.

रेझिस्टरच्या दुसऱ्या पायावर शून्य दिसलं तर मात्र प्रवाह वाहतो आहे, वीस मिलिअँपिअर, पण एलईडीला वळसा घालून. पहिल्यांदा ब्रेडबोर्ड वापरणाऱ्यांकडून हे फार होतं. मधल्या भागातली पाच-पाच भोकं आतून एकाच पत्र्याने जोडलेली असतात, आणि एलईडीचे दोन्ही पाय त्याच पाचांत गेले की त्याची दोन टोकं जुळून जातात. मला वाटतं तुझ्या बाबतीत हेच झालं असावं, कारण तीनदा जोडूनही होणारी चूक बहुधा समजुतीतली असते. बोर्ड कसा जोडलेला आहे हे कुणी तुला दाखवलंच नसेल. दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजणाऱ्या मीटरच्या बझरवर, दोन भोकांत तारेचे तुकडे खोचून तपास. दहा मिनिटांत सगळा नकाशा तुझा होईल.

आणि १.७ वगैरे दिसूनही दिवा दिसत नसेल, तर खोलीत अंधार करून बघ. मिणमिणता दिसला तर रेझिस्टरचे पट्टे पुन्हा वाच. पिवळा, जांभळा, तपकिरी म्हणजे ४७०. तिसरा पट्टा नारिंगी असेल तर ते ४७ हजार आहेत. मंद उजेडात तपकिरी आणि नारिंगीत अनुभवी माणूसही फसतो, म्हणून मी रेझिस्टर लावण्याआधी मोजून घेते. अजूनही.

ग्रुपचं सांगते. पुढच्या प्रॅक्टिकलला टेबलापाशी पोचल्याबरोबर, कुणी तारा उचलायच्या आत म्हण, “आज जोडणी मी करते, तू माझ्यामागून तपास.” ‘मला करू द्याल का’ असं विचारू नकोस. दर आठवड्याला काम फिरवायचं हेही त्याच दिवशी ठरवून टाका, नाहीतर पुढच्या वेळी सवयीने वही पुन्हा तुझ्याच हातात येईल. त्या मुलाच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही. वेळ कमी असतो, त्याला पटकन येतं, काम उरकतं. पण वेळेत उरकलेल्या त्या प्रॅक्टिकलांत चौघांपैकी एकाचेच हात शिकले. तुला वेळ लागेल. लागू दे. एखादा प्रयोग अर्धवट राहिला तरी चालेल.

हात थिजतात ते काहीतरी जळेल या भीतीने, ना? मी पहिल्या वर्षाला असताना मल्टिमीटर प्रवाहाच्या रेंजवर ठेवून थेट सप्लायच्या दोन टोकांना लावला होता, व्होल्टमीटर लावावा तसा. आतला फ्यूज गेला. मीटर व्होल्ट व्यवस्थित दाखवत होता, म्हणून मी कुणाला काही न बोलता तो जागेवर ठेवला. पुढच्या बॅचच्या मुलींनी मिलिअँपिअरच्या रेंजवर अख्खी दुपार शून्य वाचलं आणि आपलं सर्किट पाच वेळा जोडलं. हे मला नंतर कळलं. फ्यूज जाण्यात काहीच नव्हतं, तो जाण्यासाठीच असतो. गप्प बसले, ते आजही बोचतं. तुझ्या हातून काही जळलं तर लगेच सांग. आणि प्रवाह मोजताना शून्य दिसलं तर सर्किटवर संशय घेण्याआधी मीटरचा फ्यूज तपास. माझ्यासारखी कुणीतरी आधीच्या बॅचमध्येही असते.

भीती जिथे हवी तिथे मात्र ठेव. घरी एकटी असताना भिंतीतल्या सॉकेटला जोडलेलं काहीही उघडायचं नाही. बंद करून ठेवलेला चार्जर किंवा पॉवर सप्लायही उघडायचा नाही, आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) नंतरही भरलेले असू शकतात. मोबाइलच्या लिथियम बॅटरीवर प्रयोग नको, शॉर्ट झाली तर पेट घेते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची ऋण बाजू पट्ट्याने दाखवलेली असते. तो उलटा लागला तर फुटू शकतो, म्हणून बॅटरी जोडण्याआधी एकदा बघून घे. ९ व्होल्टच्या साध्या कोरड्या बॅटरीवर पुढचे सहा महिने पुरतील एवढे प्रश्न आहेत.

हे सदर शिकवणारेही वाचतात, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. जर्नलमध्ये ३.०८ दिसलं तर त्यावर लाल रेघ मारू नका. त्या मुलीला विचारा, तुला काय वाटतं, का? पाच मार्क अंदाजाला ठेवा आणि पाच न जुळण्याच्या कारणाला. वर्षातून दोन प्रॅक्टिकलं अशी घ्या की सर्किट तुम्हीच मुद्दाम बिघडवून ठेवलंय आणि मुलांनी दोष शोधायचाय. जोडणी पाठ करून येणाऱ्यांचे आणि समजून करणाऱ्यांचे हात त्या दिवशी वेगळे दिसतात.

आता तुझा प्रश्न. तुझ्या ग्रुपमधल्या चौघांनीही ६.२१ ही बेरीज पाहिली. ती खटकली एकटीला, आणि आठवडाभर खटकत राहिली इतकी की तू एका अनोळखी बाईला पत्र लिहून तिन्ही आकडे दोन दशांशापर्यंत कळवलेस. तू चुकीच्या शाखेत आलेली नाहीस.

जर्नलचं ते पान घेऊन सरांकडे जा. सही झालेली असली तरी जा. ४.६५ खोडून खरे आकडे लिही, खाली मीटरच्या रोधाचं गणित मांड आणि मीटरला मोजलेलं ते रीडिंग जोड. ते किती आलं ते मलाही कळव. पत्रात आधी तुझा अंदाज लिही, मग आकडा.